दोन ठिकाणचे एक दप्तर



आमची शाळा आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडल्या अंगास आहे. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र, अलीकडे तेलंगण. शाळेचे माध्यम मराठी. वरून येणारी पत्रके आणि नमुने तेलुगूत किंवा इंग्रजीत येतात आणि ते मराठीत उतरविण्याचे काम आम्ही शिक्षकच करतो. वर्षानुवर्षे असे केलेले प्रश्नसंच, विज्ञानाच्या शब्दांच्या याद्या, गुणपत्रके, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे असे सारे कचेरीतल्या संगणकावर एका फोल्डरात साठत गेले होते. तीन हजारांहून थोड्या अधिक फाइली होत्या. बाजारात विकत मिळतील अशा त्या वस्तू नव्हत्या.

एका शनिवारी आमच्या कचेरीतील लेखनिकाने नवा पेनड्राइव्ह आणला. जुना बिघडला होता. नव्यावर त्याने त्याच नावाचे फोल्डर तयार केले, दोन फोल्डरांचा मेळ घालणारा कार्यक्रम उघडला, डावीकडे पेनड्राइव्ह आणि उजवीकडे संगणक अशी मांडणी केली, आणि 'आरसा' या अर्थाचा पर्याय निवडून बटण दाबले. कार्यक्रमाने सांगितलेले काम इमानाने केले. डावीकडे जे आहे तेच उजवीकडे असले पाहिजे, एवढाच त्या पर्यायाचा अर्थ. डावीकडे काहीच नव्हते. मिनिटभरात उजवीकडेही काही राहिले नाही. पुसलेल्या फाइली केराच्या टोपलीत जाव्यात अशी सोय त्यात असते. परंतु टोपली फार जागा अडविते म्हणून 'कायमचे पुसावे' अशी खूण पूर्वीच कोणीतरी करून ठेविली होती. ती खूण मी केली होती, आणि ते बटण दाबावयासही त्याला मीच शिकविले होते, हे येथेच सांगून टाकलेले बरे.

या प्रसंगामुळे मला या विषयाच्या मुळाशी जावे लागले. जे समजले ते आज आपणांस सांगावयाचे आहे, कारण घरोघरी, दुकानांत, दवाखान्यांत, वकिलांच्या कचेऱ्यांत लोक आता एकच फोल्डर दोन ठिकाणी ठेवू लागले आहेत. त्याला सर्वसाधारणपणे 'सिंक करणे' म्हणतात. एक फोल्डर संगणकात आणि त्याचाच जोडीदार दुसऱ्या डिस्कवर, पेनड्राइव्हवर किंवा नेटवर्कने जोडलेल्या दुसऱ्या यंत्रावर असतो. दोन्हींतील मजकूर सदैव सारखा राहावा, एवढीच अपेक्षा. ऐकावयास हे जितके सोपे वाटते तितके ते नाही.

ही कल्पना मात्र जुनीच आहे. आपल्याकडे गावच्या पटवाऱ्याचे दप्तर आणि तहसीलचे दप्तर यांचा मेळ जमाबंदीच्या वेळी घातला जात असे. चर्चच्या १९१७ सालच्या कायदेसंहितेत असा नियम होता, की बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू यांच्या नोंदवह्यांची प्रत दरवर्षाच्या अखेरीस धर्मगुरूंनी बिशपांच्या कचेरीत पाठवावी. गावचे चर्च जळाले किंवा नोंदवहीला वाळवी लागली तरी वरची प्रत शिल्लक राही. त्याच कायद्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे, आणि ती १९८३ च्या संहितेतही कायम आहे: मनुष्याचा विवाह दुसऱ्या गावी झाला तर त्याची खबर बाप्तिस्म्याच्या गावी धाडावी, आणि तेथील जुन्या नोंदीच्या समासात ती लिहावी. पहिला व्यवहार एकमार्गी आहे, दुसऱ्यात खबर उलट दिशेने मूळ वहीकडे परत येते. संगणकावरील मेळाचे दोन मुख्य प्रकारही हेच आहेत, आणि सारा घोटाळा त्या दोहोंतील फरक न ओळखल्याने होतो.

आता यंत्र हे काम कसे करते ते पाहू. दोन फोल्डरांचा मेळ घालावयाचा म्हणजे प्रत्येक फाइल उघडून अक्षर न् अक्षर वाचावयाचे, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे सहसा होत नाही. कार्यक्रम दोन्हीकडची यादी करतो. यादीत प्रत्येक फाइलीचे नाव, तिचा आकार आणि ती शेवटी केव्हा बदलली ती वेळ, एवढेच असते. हजेरीपटावरील नावे पाहून मास्तर वर्ग ओळखतो, प्रत्येक मुलाची उलटतपासणी करीत नाही, तशातलाच हा प्रकार. तिन्ही गोष्टी जुळल्या तर फाइल तीच आहे असे समजून कार्यक्रम पुढे जातो. त्यामुळे दहा हजार फाइलींचा पडताळाही थोड्या वेळात होतो. आतील मजकुराचा पडताळा हवा असेल तर तसा पर्याय असतो, परंतु मग दोन्हीकडच्या साऱ्या फाइली वाचाव्या लागतात आणि काम बरेच लांबते.

तेव्हा सारा भार पडतो तो वेळेवर, आणि वेळ सांगणारे घड्याळच बिघडलेले असेल तर? आमच्याकडील जुन्या संगणकांत हे नेहमी घडते. संगणकाच्या मुख्य फळीवर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज नसतानाही घड्याळ चालते राहावे म्हणून ती असते. पाचसात वर्षांनी ती संपते. मग वीज गेली, की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. अशा यंत्रावर आज भरलेली गुणपत्रिका दशकापूर्वीची म्हणून नोंदली जाते. 'दोहोंपैकी नवी असेल ती ठेवावी' असा हुकूम असेल तर कार्यक्रम आजची गुणपत्रिका जुनी ठरवितो आणि गेल्या महिन्याची तिच्यावर चढवितो. ती बॅटरी अगदी स्वस्त मिळते. ती बदलावी, आणि इंटरनेटवरून आपोआप वेळ लावून घेण्याची सोय चालू ठेवावी. निदान तारीख बरोबर आहे की नाही हे पाहिल्याशिवाय मेळाचे बटण दाबू नये.

घड्याळ ठीक असूनही आणखी एक गंमत होते. पेनड्राइव्हवरील जागेची मांडणी जुन्या 'फॅट' पद्धतीची असेल तर ती बदलाची वेळ दोन दोन सेकंदांच्या टप्प्यानेच लिहिते. विंडोजच्या 'एनटीएफएस' पद्धतीत सेकंदाचे एक कोटी भाग धरले जातात. एकच फाइल दोहोंवर ठेविली, की वेळा किंचित वेगळ्या पडतात, आणि काटेकोर कार्यक्रमाला रोज वाटते, की सारे काही बदलले आहे. म्हणून चांगल्या कार्यक्रमांत दोन सेकंदांपर्यंतचा फरक सोडून देण्याची सवलत असते. 'फॅट-३२' मध्ये चार गिगाबाइटची किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, हेही जाता जाता सांगतो. स्नेहसंमेलनाचे अखंड चित्रीकरण पेनड्राइव्हवर चढत नाही तेव्हा पुष्कळदा दोष जागेचा नसून या मांडणीचा असतो.

आता त्या दोन प्रकारांकडे येऊ. एकमार्गी मेळात एक बाजू मूळ आणि दुसरी प्रत. मुळात जे नवे किंवा बदललेले असेल ते प्रतीत जाते. त्यातही दोन पोटभेद आहेत. मुळातून पुसलेली फाइल प्रतीतूनही पुसावयाची, हा आरसा. आरशासमोरून मनुष्य उठून गेला तर आरशात तो उरत नाही. मुळातून काही पुसले तरी प्रतीतून पुसावयाचे नाही, केवळ भर घालावयाची, हा दुसरा पोटभेद. त्यात प्रतीत अडगळ वाढत जाते, परंतु हातातून काही निसटत नाही. माझे मत विचाराल तर ज्याला पुरेसा सराव नाही त्याने वर्षभर या दुसऱ्याच मार्गाने जावे. अडगळ आवरता येते.

द्विमार्गी मेळात दोन्ही बाजू समान मानाच्या असतात. मी घरी काम करतो, सहकारी शाळेत करतो, आणि दोघांचे बदल एकमेकांकडे गेले पाहिजेत. येथे एक कोडे उभे राहते, आणि हा विषय खरोखर त्यातच आहे असे मला वाटते. समजा, 'भूगोल, घटक तीन' ही फाइल शाळेत आहे आणि घरी नाही. याचा अर्थ काय घ्यावयाचा? ती शाळेत नव्याने तयार झाली, म्हणून घरी आणावयाची? की ती दोन्हीकडे होती आणि मी घरून मुद्दाम पुसली, म्हणून शाळेतूनही काढावयाची? आजची स्थिती कितीही बारकाईने पाहिली तरी याचे उत्तर सापडत नाही. उत्तर भूतकाळात असते. म्हणून द्विमार्गी मेळ घालणारा कार्यक्रम आपल्यापाशी एक वही ठेवितो. मागच्या खेपेस दोन्हीकडे काय होते, ते तो तीत लिहून ठेवितो. वहीत फाइलीचे नाव असेल तर ती पुसली गेली. नसेल तर ती नवी. ही वही दडलेली असते, आणि कधी कोणी साफसफाईच्या भरात ती अनोळखी फाइल काढून टाकतो. मग कार्यक्रमाची स्मृती नष्ट होते, आणि मागच्या मेळानंतर एकीकडून पुसलेली सगळी भुते पुन्हा जिवंत होऊन फोल्डरात येऊन बसतात.

दोघांनी एकच फाइल दोन ठिकाणी बदलली तर काय, हा पुढचा प्रश्न. मी घरी सातवीचे गुण भरले, सहकाऱ्याने त्याच कोष्टकात शाळेत आठवीचे भरले. दोन्ही प्रती खऱ्या, दोन्ही अपुऱ्या. समंजस कार्यक्रम अशा वेळी निर्णय देत नाही. एकीच्या नावाला 'तंटा' अशा अर्थाचा शब्द आणि तारीख जोडून दोन्ही ठेवितो. उतावळा कार्यक्रम नवी ठेवितो आणि जुनी टाकतो, म्हणजे एका शिक्षकाची दुपार फुकट जाते. यावर आम्ही काढलेला तोडगा यंत्राचा नव्हे, माणसांचा आहे: प्रत्येक इयत्तेची फाइल वेगळी, आणि एका फाइलीचा धनी एकच.

कार्यक्रम पुष्कळ आहेत. विंडोज-९५ बरोबर 'ब्रीफकेस' नावाची एक सोय आली होती. कचेरीतील कागद घरी न्यावयाची ती जणू पेटी होती. पुढे 'सिंकटॉय' आले. मायक्रोसॉफ्टने ते मागे घेतले. विंडोजमध्ये आज 'रोबोकॉपी' आहेच, पण ते आज्ञा लिहून चालवावे लागते. त्याला 'काही करू नकोस, काय करणार होतास त्याची नुसती यादी दाखव' असेही सांगता येते, आणि ही रंगीत तालीम फार मोलाची आहे. चित्रांच्या आणि बाणांच्या साह्याने चालणारे 'फ्रीफाइलसिंक' आहे. इंटरनेटवरील कोणाच्या गोदामात काही न ठेवता यंत्राचे यंत्राशी परस्पर बोलणे जुळविणारे 'सिंकथिंग' आहे. मी कोणाची शिफारस करावयास आलो नाही. यादी आधी दाखवावी आणि मग विचारावे, एवढा शहाणपणा ज्यात आहे तो कार्यक्रम चालेल. आमच्या त्या शनिवारी यादी पडद्यावर आली होती. तीन हजार ओळींपुढे पुसण्याची खूण होती. ती कोणी वाचली नाही.

यातील एका कार्यक्रमाची युक्ती मात्र थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. १९९६ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस या दोघांनी 'आरसिंक' नावाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्या काळी दूरच्या यंत्राशी जोडणारी तार मंद होती. मोठ्या फाइलीत चार ओळी बदलल्या तर सगळी फाइल पुन्हा पाठविणे परवडत नसे. फक्त बदललेला भाग पाठवावा, हे उघड आहे. परंतु कोणता भाग बदलला हे कळण्यास दोन्ही प्रती एकाच ठिकाणी हव्यात, आणि त्या तर शेकडो मैल दूर!

त्यांनी असे केले. ज्या यंत्रावर जुनी प्रत आहे त्याने तिचे सारख्या लांबीचे तुकडे पाडावयाचे, आणि प्रत्येक तुकड्याची, अंगठ्याच्या ठशासारखी, एक लहानशी संख्या काढावयाची. केवळ हे ठसे पलीकडे पाठवावयाचे. नवी प्रत ज्याच्याकडे आहे ते यंत्र आपल्या प्रतीत तसेच ठसे शोधते. जो ठसा सापडला तो तुकडा पलीकडे आहेच, पाठविण्याची गरज नाही. जेथे सापडत नाही, तेवढा मजकूर पाठवावयाचा.

पण एक अडचण राहते. मी प्रश्नपत्रिकेच्या अगदी आरंभी शाळेचे नाव घातले, की पुढचा सारा मजकूर सरकला. ठराविक जागी तुकडे पाडले तर एकही जुळणार नाही. म्हणून नव्या प्रतीत प्रत्येक अक्षरापासून आरंभ करून ठसा काढून पाहावा लागतो. हे काम अफाट वाटते. त्यांचा पहिला ठसा म्हणूनच एका विशेष जातीचा आहे. आगगाडीच्या खिडकीत बसलेल्या मुलाची कल्पना करा. खिडकीतून एका वेळी तारेचे दहा खांब दिसतात. गाडी पुढे सरकली, की मागचा एक खांब दिसेनासा होतो आणि पुढचा एक येतो. त्या मुलाने खांबांच्या उंचीची बेरीज मनात धरली असेल तर त्याला पुन्हा दहाही मोजावे लागत नाहीत. गेलेल्याची वजा करावयाची, आलेल्याची मिळवावयाची. संगणक साधारण असेच करतो. हा झटपट ठसा जुळला, तरच तो दुसरा, अवघड आणि खात्रीचा ठसा काढून पाहतो. ट्रिजेल यांनी पुढे १९९९ मध्ये याच विषयावर प्रबंध लिहिला. दाबून लहान केलेल्या फाइलींत मात्र ही युक्ती फारशी चालत नाही, कारण तेथे एक शब्द बदलला तरी पुढचा बराच मजकूर रूप पालटतो. वर्डच्या आजच्या फाइली त्या जातीच्या असतात.

आता जी गोष्ट मी दुसऱ्या कोठे ऐकली नाही आणि जी मराठी माणसाला विशेष नडेल, ती सांगतो. आमच्या फोल्डरात एके दिवशी 'दुसऱ्या सत्राचे गुण' या नावाच्या दोन फाइली दिसू लागल्या. नाव तेच, अक्षरे तीच, पडद्यावर काडीचा फरक नाही. आणि एका फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली तर राहूच शकत नाहीत! पुष्कळ शोधाअंती कळले, की सारी गोम 'ऱ्या' मध्ये आहे. ते अर्धे, डोळ्याच्या पापणीसारखे 'र' संगणकात एकाहून अधिक प्रकारे लिहिता येते. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्या प्रकारात साधा 'र' घेऊन, त्याचा पाय मोडून, पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालतात. तिसरा प्रकार म्हणजे 'र' आणि त्याखाली वेगळा नुक्ता. ॲपलच्या जुन्या मांडणीच्या डिस्का नावे आपोआप अशी फोडून ठेवीत. डोळ्यांना सारी एकच, यंत्राला सारी वेगळी. एका शिक्षिकेचा फोन पहिल्या पद्धतीने लिहीत होता, कचेरीचा संगणक दुसऱ्या. मेळ घालणाऱ्या कार्यक्रमाने दोन वेगळ्या फाइली समजून दोन्ही दोन्हीकडे नेल्या, आणि निम्मे गुण एकीत, निम्मे दुसरीत भरले गेले.

देवनागरी नावांची आणखी एक अडचण लांबीची आहे. 'प्रश्नपत्रिका' यात आपल्याला पाच अक्षरे दिसतात. संगणक त्यात तेरा चिन्हे मोजतो, कारण प्रत्येक पाय मोडणे आणि प्रत्येक मात्रा ही वेगळी मोजली जाते. विंडोजमध्ये फोल्डरात फोल्डर धरून पूर्ण पत्त्याची सर्वसाधारण मर्यादा २६० चिन्हांची आहे. नेटवर्कवरची साठवणुकीची पेटी बहुधा लिनक्सवर चालते, आणि तेथे एका नावाची मर्यादा २५५ बाइटची असते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे ८५ चिन्हे झाली, की नाव संपले. 'इयत्ता नववी मराठी माध्यम वार्षिक परीक्षा सामाजिक शास्त्रे प्रश्नपत्रिका अंतिम दुरुस्त' यासारखी भरघोस नावे द्यावयाची आपल्याला हौस असते. अशा नावाने मर्यादा ओलांडली, की फाइल संगणकावर राहते, पेटीवर जात नाही, आणि कार्यक्रमाच्या दैनंदिनीत तांबड्या अक्षरांत एक ओळ उमटते, जी कोणी वाचीत नाही. आम्ही आता आकडे आणि आखूड शब्द वापरतो. मराठीवरील माझ्या प्रेमाला त्याने बाध येत नाही.

नेटवर्कविषयी थोडे. शाळेतील दोन संगणक एकाच राउटरला जोडले, की एकाचे फोल्डर दुसऱ्याला उघडे करता येते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. इंटरनेटवरील साठवणीचा हिशेब वेगळा आहे. समजा, तुमचा एकूण पसारा ४० गिगाबाइटचा आहे आणि वर पाठविण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिटचा. पहिल्या खेपेस सुमारे नऊ तास लागतील, तेही वीज न गेली तर. पुढे रोजचे बदल थोडेच असतात, ते मिनिटांत जातात. म्हणून पहिली खेप रात्री लावावी. मेळ चालू असताना एक्सेलची फाइल उघडी ठेवू नये. उघड्या फाइलीच्या शेजारी विचित्र चिन्हाने सुरू होणारी एक तात्पुरती फाइल दिसते. तिला मेळातून वगळावे. आणि पेटी बंद असेल, केबल सुटली असेल तर मेळ झालाच नाही, हे कार्यक्रम आपल्या दैनंदिनीत लिहितो. आठवड्यातून एकदा ती उघडावी.

आता मूळ दुखण्याकडे परत येतो. दोन ठिकाणी सारखे फोल्डर ठेविले म्हणजे आपण निर्धास्त झालो, ही समजूत चुकीची आहे. मेळ चुकासुद्धा इमानाने वाहून नेतो. फाइल चुकून पुसली, तीवर भलते लिहिले गेले, खंडणीखोर विषाणूने ती कुलूपबंद केली, तरी पुढच्या मेळात तीच दशा जोडीदाराची होते. २०२१ च्या डिसेंबरात जपानमधील क्योटो विद्यापीठात महासंगणकाच्या साठवणीवर चालणाऱ्या एका बॅकअपच्या कार्यक्रमात दुरुस्ती करताना चूक झाली. जुन्या नोंदी पुसण्याऐवजी तो संशोधनाच्या फाइलीच पुसू लागला. दोन दिवसांत सुमारे ७७ टेराबाइट, म्हणजे ३ कोटी ४० लाखांच्या आसपास फाइली गेल्या आणि १४ संशोधक गटांना त्याची झळ लागली. जतन करण्यासाठी ठेविलेला नोकरच घर धुऊन घेऊन गेला म्हणा ना.

याच्या उलट दिशेची चूक दक्षिण कोरियात झाली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन येथील सरकारी माहितीकेंद्राला बॅटऱ्यांमुळे आग लागली. सरकारी नोकरांनी आपली कामाची कागदपत्रे ठेवावयाची 'जी-ड्राइव्ह' नावाची साठवण तेथे होती, ८५८ टेराबाइटची. तिची प्रत दुसऱ्या कोठेही ठेविलेली नव्हती. कपाट कितीही भक्कम असो, ते एकाच घरात असेल तर घराबरोबर जाते. चर्चची नोंदवही बिशपांच्या गावी धाडण्यामागे हाच विचार होता.

आणि एक सुखान्त गोष्टही सांगतो. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी-२' या चित्रपटाचे काम चालू असता पिक्सार कंपनीच्या संगणकावर कोणाच्या तरी हातून पुसण्याची आज्ञा दिली गेली आणि चित्रपटाचा बहुतेक भाग डोळ्यांदेखत नाहीसा झाला. बॅकअप पाहावयास गेले, तो तेही बरोबर होत नव्हते असे आढळले. गॅलिन ससमन या तांत्रिक दिग्दर्शिका बाळंतपणामुळे घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या यंत्रावर एक प्रत निघाली. ते यंत्र गाडीतून अगदी जपून कचेरीत आणण्यात आले.

आमचेही असेच झाले. आदल्या वर्षापर्यंत आमच्या शाळेत असलेल्या एक बाई आता पांढरकवड्यास असतात. त्यांच्या लॅपटॉपवर दिवाळीपर्यंतची प्रत होती. रविवारी मी बसने जाऊन ती घेऊन आलो. तीन चतुर्थांश दप्तर परत मिळाले. दिवाळीनंतरचे नववीचे प्रश्नसंच आणि विज्ञानाच्या शब्दसूचीची दुसरी दुरुस्ती ही मात्र गेली ती गेलीच. शब्दसूची पुन्हा करावयास बसलो आहोत. तिच्यात 'बाष्पोत्सर्जन' साठी एक चांगला, मुलांना चटकन कळणारा पर्याय एका विद्यार्थ्यानेच सुचविला होता. तो काही केल्या आठवत नाही, आणि तो मुलगाही आता शाळा सोडून गेला आहे.

फोल्डरात काय ठेविले आहे, त्यावर नुकसानीचे मोल ठरते. आमच्याच जिल्ह्यात, नारनूरच्या बाजूला, गुंजाला नावाचे गोंडांचे गाव आहे. तेथे गोंडी भाषेची एक स्वतंत्र लिपी हस्तलिखितांत जपलेली आढळली. हैदराबाद विद्यापीठाच्या प्राध्यापक जयधीर तिरुमल राव यांच्या चमूने ती प्रकाशात आणिली. हस्तलिखिते डझनभरच, आणि ती वाचता येणारी वडीलधारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा ज्या कपाटात ती होती, ते कपाट कोसळले असते तर एक लिपीच गेली असती. पुढे तिचा संगणकी टंक झाला, आणि जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत 'गुंजाला गोंडी' हे नाव दाखल झाले. आज ती लिपी असंख्य यंत्रांवर आहे, आणि तिच्या अक्षरांत फाइलीला नावही देता येते. प्रत करणे या साध्या क्रियेत किती सामर्थ्य आहे, ते मला त्या गावाकडून जाणाऱ्या रस्त्यावर हमखास आठवते.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी छायाचित्रांच्या जतनासाठी एक आटोपशीर हिशेब लोकप्रिय केला: प्रती तीन, साधने दोन जातींची, आणि एक प्रत घराबाहेर. आम्ही तो आमच्या ऐपतीप्रमाणे असा बसविला आहे. रोज सायंकाळी कचेरीच्या संगणकावरून शेजारच्या संगणकावर एकमार्गी मेळ होतो. पुसलेल्या आणि बदललेल्या फाइली कायमच्या न जाता तारखेच्या फोल्डरात महिनाभर राहतात. दर शनिवारी बाहेरची हार्डडिस्क जोडतो, मेळ घालतो आणि लगेच काढून घेतो. जोडलेली नसली, की विषाणूचा हात तिच्यापर्यंत पोहोचत नाही. आमच्याकडे उन्हाळा कडक असतो, म्हणून ती पत्र्याच्या कपाटात न ठेवता आतल्या खोलीत ठेवितो. तिसरी प्रत पैनगंगेपलीकडे असते. बाई दर तिमाहीस सुट्टीत इकडे येतात, तेव्हा त्यांची डिस्क घेऊन येतात.

पेनड्राइव्हच्या मुळाशी 'ही प्रत आहे' अशा नावाची एक रिकामी फाइल आता ठेविलेली आहे, आणि संगणकावरील फोल्डरात 'हे मूळ आहे' अशी दुसरी. दोन्ही फाइली मेळातून वगळल्या आहेत, म्हणजे त्या आपापली जागा सोडत नाहीत. बटण दाबण्यापूर्वी डावीकडे कोणती आहे ते लेखनिक मोठ्याने वाचतो. प्रथम सगळे हसत; आता कोणी हसत नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी कोणतीही एक जुनी फाइल निवडून ती तिन्ही ठिकाणांहून उघडून पाहावयाची, असाही पाठ ठेविला आहे. गेल्या खेपेस सहावीची एक सहामाही प्रश्नपत्रिका निघाली. दोन ठिकाणी ती उघडली. बाहेरच्या हार्डडिस्कवर उघडेना. डिस्क तपासावयास पाठविली आहे, आणि तोपर्यंत दुसरी उसनी आणून काम चालू आहे.